इंजिनाला दिलेला जुलाब

सगळ्यात जास्त कशाला घाबरलात, असं कोणी विचारलं तर लोक वाघाचं नाव घेतात. मी तेलाच्या काट्याचं घेतो.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, राज्य निजामाचं होतं, आणि मी जालना ते वडीगोद्री उतारूंची सर्व्हिस मोटार चालवत होतो. मालकांची ही एकच मोटार. ती बसली तर मालक बसले, आणि माझी नोकरी त्यांच्याही आधी. चांगलं तेल मिळत नव्हतं, म्हणून तेच काळंकुट्ट तेल इंजिनात महिनोन्‌महिने फिरायचं. अशात जालन्यात मस्तगडला एका फेरीवाल्यानं मला इंजिनाचा जुलाब विकला. पातळ औषध, रॉकेलसारखा वास. एक बाटली पाजा, आतली घाण साफ. मालकांना न सांगता मी सकाळी ती ओतली. बाटलीवरचं इंग्रजी मला वाचता येत नव्हतं. जुलाबच तो, घाण आपली आपण बाहेर पडेल, असं मी धरून चाललो. अंबडच्या अलीकडे मागून भसाभस धूर निघाला, तेव्हा मी खूश होऊन मनात म्हणालो, लागला.

अंबड सोडलं आणि तेलाच्या दाबाचा काटा खाली यायला लागला.

मग इंजिनातून ठोका ऐकू आला. मालक माझ्या शेजारीच बसले होते. आवाज त्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून मी सासऱ्याची नक्कल सुरू केली. ठोका वाढला की सासरे ओरडायचे. मागे बाजाराला निघालेली माणसं हसून लोळत होती, आणि माझ्या पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते. काटा शून्यावर टेकला. आता कधीही इंजिन जाम होणार, आणि उद्यापासून मी घरी.

मालक म्हणाले, "बंद कर."

मी गप्प झालो.

"तोंड न्हाई लेका, इंजिन."

माणसं लिंबाखाली बसली आणि मी मोटारीखाली शिरून तेलाचं भांडं उतरवलं. तेल ओढणाऱ्या जाळीवर ओल्या डांबरासारखा गाळ बसला होता. औषधानं घाण सोडवली होती, पण तिला बाहेर जायला वाट कुठं होती? आजही कोणी असली बाटली दाखवली, की मी सांगतो, त्या पैशाचं चांगलं तेल घ्या आणि वेळेवर बदला. घाण साचलीच असेल तर इंजिन खोलून पुसा.

जाळी पुसत मी सगळं कबूल केलं. मालक वाकून बघत होते.

"किती ओतली?"

"एक बाटली, मालक."

त्यांचा चेहरा पार उतरला. "एक मी बी ओतल्ती. काल. तुला कळू दिलं न्हाई."

तेच तेल आम्ही फडक्यातून गाळून परत भरलं. दुसरं होतंच कुठं? ठोका थोडा कमी झाला, थांबला नाही. वडीगोद्रीपर्यंत आम्ही दोघं श्वास रोखून इंजिन ऐकत गेलो. बैलगाड्या आमच्या पुढं निघून गेल्या.

उतरताना मी विचारलं, उद्या येऊ का?

"ये," मालक म्हणाले. "तुला काढलं तर का काढलं ते आमच्या घरी सांगावं लागंल, माझ्या बाटलीसकट."