बत्तिसावी उत्तरपत्रिका

या सदरात गेल्या महिन्यात अंधेरीच्या एका जुन्या कॉलेजातील ‘प्रकारा’विषयी एका वाचकाचे पत्र छापून आले. त्यात मध्यरात्र आहे, मोकळे केस आहेत, खाडीत बुडालेली मुलगी आहे, आणि भीतीने अंथरूण धरलेला एक तरुण मास्तर आहे. तो मास्तर मी. मी अंथरूण धरले नव्हते. सकाळचे साडेसात वाजले होते, लख्ख ऊन होते, आणि ती मुलगी कोठेही बुडाली नव्हती. तिला नाव होते – हिरा. पत्रलेखकाने तेवढेही विचारण्याची तसदी घेतलेली नाही.

भुताखेतांवर माझा तेव्हा विश्वास नव्हता, आणि नव्वदीला टेकल्यावरही ‘आता आहे’ असे म्हणायला मी तयार नाही. जे घडले ते घडले त्या क्रमाने सांगतो.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षे. मराठी शाळांत इंग्रजी आठवीपासून सुरू होई, आणि कॉलेजात मात्र सारे विषय इंग्रजीतून. म्हणून आमच्या कॉलेजात जूनमध्ये प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाची इंग्रजीची चाचणी होई. जे पन्नासात पंचवीस मिळवत नसत, त्यांना रोज सकाळी साडेसातला एका खास वर्गाला यावे लागे. कागदोपत्री तो ‘पुरवणी वर्ग’. मुले त्याला ‘डबा’ म्हणत. ऑक्टोबरात पुन्हा परीक्षा. तीत पास झाल्याशिवाय इंग्रजीच्या मुख्य वर्गात बसता येत नसे. हा डबा माझ्याकडे होता. मी नवा होतो, कडक होतो, आणि त्याचा मला अभिमान होता.

हिरा वेसाव्याची, कोळ्याची मुलगी. घरातली पहिली मॅट्रिक. पहाटे आईबरोबर मासळीची पाटी अंधेरीच्या बाजारात पोचवायची आणि तशीच वर्गात यायची. शेजारच्या मुली सरकून बसत, म्हणून ती स्वतःच दाराजवळच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसली. एकदा म्हणाली, “सर, दार उघडं ठेवाल का? वारा येतो.” वारा कोणासाठी हवा होता ते मला कळले. मी दार उघडे ठेवले, पण त्या मुलींना एक शब्द बोललो नाही. हेही लिहून ठेवतो.

व्याकरणात ती बरी होती; अडायची श्रुतलेखनात. मी उतारा तीनदा वाचत असे – एकदा ऐकण्यासाठी, एकदा सावकाश लिहिण्यासाठी, एकदा तपासण्यासाठी. वेग गाठता यावा म्हणून तिने स्वतःची एक युक्ती काढली होती. इंग्रजी ‘टी’च्या आडव्या रेघा ती शब्दाशब्दाला देत नसे, ओळ संपली की साऱ्या एका दमात ओढी. त्यामुळे त्या रेघा वाऱ्याने ढकलल्यासारख्या उजवीकडे सरकलेल्या असत. असा हात मी पुढे छत्तीस वर्षे शिकवूनही दुसरा पाहिला नाही.

सप्टेंबरात वर्ग सुटल्यावर ती थांबली.

“सर, रोज एक पान जास्त घालाल?”

“एवढी घाई कशाची?”

“बाबा बोलले, दिवाळीपर्यंत डब्यातनं बाहेर आली तर शीक, नाय तर पुरे झाला. पाटी उचलायला इंग्रजी कशाला लागतं?” आणि हसून, “माझी आई पण तेच बोलते, पण ती रोज विचारते – आज किती चुका?”

मी रोज एक पान घालू लागलो. चुका तीसवरून बारावर आल्या.

बाजारामुळे तिला कधी कधी पाच मिनिटे उशीर होई. मी थांबत असे. हे आमच्या देवधरांच्या, म्हणजे माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या, लक्षात आले. स्टाफरूममध्ये चारचौघांत म्हणाले, “काय हो, राणीसाहेबांची पालखी आल्याशिवाय तुमचा डबा हलत नाही म्हणे?”

सगळे हसले. मी त्याच दिवशी फळ्यावर लिहिले : परीक्षेच्या दिवशी साडेसातला दार बंद होईल, नंतर कोणालाही आत घेतले जाणार नाही. कोणालाही या शब्दाखाली मी रेघ ओढली होती.

परीक्षेच्या आधी दोन दिवस हिरा वर्गाला आली नाही. घरी अभ्यास करत असेल, असे मी धरून चाललो. परीक्षेच्या सकाळी कॉलेजचा शिक्का मारलेले बत्तीस कागद मी मोजून आणले, हजर एकतीस जणांना वाटले, उरलेला कोरा कागद माझ्या टेबलावर डस्टरखाली ठेवला. साडेसातला दार स्वतः लावले.

उतारा फुटल्याची कुजबुज आदल्या दिवशी माझ्या कानावर आली होती. म्हणून शेवटी मी दोन वाक्ये पदरची घातली, खिडकीतून दिसले ते पाहून – फाटकाशी एक म्हातारा उभा आहे, तो आपली छत्री उन्हात वाळवतो आहे. तिसऱ्या वाचनात मात्र माझ्या तोंडून ‘काळी छत्री’ असे गेले. मुलांनी ‘काळी’ हा शब्द मागाहून ओळीच्या वर घुसवला. ही वाक्ये कोणत्याही कागदावर नव्हती. ती फक्त त्या खोलीत, त्या अर्ध्या तासात होती.

पहिले वाचन चालू असताना दाराच्या काचेत हिरा दिसली. केस ओले, हातात टाक. तिने दार ठोठावले नाही. फळ्यावरचा नियम तिने वाचलेला होता. ती माझ्याकडे पाहत होती. मी तिच्याकडे पाहिले... आणि पुढची ओळ वाचली.

आठ वाजता दार उघडले तेव्हा व्हरांड्यात फक्त भिकाजी शिपाई स्टुलावर बसला होता.

“ती मुलगी गेली का?”

“खंयचा चेडू? साडेसातपासून हंय बसलंय. कोणच येवंक नाय, सायेब.”

मला वाटले, झोप लागली असेल त्याला. मी कागद गोळा केले, टेबलावरचे सगळेच उचलले आणि पार्ल्याला घरी आलो.

दुपारी तपासायला बसलो. आमच्याकडे पेपरावर नाव नसे, नुसता क्रमांक. एकतीस झाले, खाली बत्तिसावा कोरा असायला हवा होता. तो कोरा नव्हता. अख्खा उतारा, माझी दोन्ही वाक्ये, ‘काळी’ हा शब्द ओळीच्या वर घुसवलेला, आणि उजवीकडे सरकलेल्या त्या रेघा. चुका सहा. पन्नासात अडतीस.

मी संतापलो. नियम मोडून कोणी तरी तिला कागद दिला, असेच मला वाटले. दुसऱ्या दिवशीही ती आली नाही, तेव्हा तिसऱ्या दिवशी उत्तरपत्रिका खिशात घालून मी वेसाव्याला गेलो... तिला जाब विचारायला.

घरासमोर माणसे बसली होती. आई उंबऱ्यात होती. तिने मला कधी पाहिले नव्हते, तरी ओळखले.

“डब्याचे मास्तर ना तुम्ही? बसा. पोर गेली आमची. तीन दिस ताप होता. परीक्षेच्या दिशी गेली.”

मला बसता आले नाही. ती बोलत राहिली.

“उजाडल्यापासून एकच. दार उघडा, दार उघडा. मी बोलले, बाय माझे, दार उघडाच हाय, बघ. तरी तेच. मग गप झाली. बोटं हलत होती नुसती, गोधडीवर, लिहिल्यागत. ऊन या उंबऱ्यावर आला तवा थांबली.”

दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना मी विचारले. त्या सकाळी ती जागची हलली नव्हती. उन्हाची वेळ सगळ्यांनी एकच सांगितली – आठच्या सुमारास.

देवधर मरेपर्यंत म्हणत राहिले, की तिने व्हरांड्यात बसून लिहिले आणि भिकाजीने कागद सरकवला. ती घरी शेवटचे श्वास घेत होती, हे त्यांना कसे चालले ते त्यांनाच ठाऊक. माझा पुतण्या म्हणतो, काकांनी पश्चात्तापाने पेपर स्वतःच लिहिला. मी तो तपासला तेव्हा ती गेल्याचे मला ठाऊक नव्हते. पश्चात्ताप कशाचा करणार? शिवाय मी जन्मात कोणाला दयेने अर्धा गुणही दिलेला नाही. प्राचार्यांनी निकालपत्रकातून तिचा क्रमांक खोडला, तेव्हा मी भांडलो ते याच कारणाने. ते गुण तिचे होते.

“उत्तरपत्रिका दाखवा,” असे लोक म्हणतात. ती माझ्याजवळ नाही. निघताना तिच्या आईने विचारले, “परीक्षा व्हायची ऱ्हायलीच ना तिची?”

मी खिशातून कागद काढला. “झाली. पास झाली.”

“किती चुका?”

“सहा.”

तिने कागद दोन्ही हातांनी घेतला. वाचता येत नव्हते, तरी वरपासून खालपर्यंत बघितला आणि आत बसलेल्या नवऱ्याला म्हणाली, “ऐकलाव? सहाच.”

त्या कागदाचे स्पष्टीकरण माझ्यापाशी नाही, आणि आता या वयात मिळेल अशी आशाही नाही. पण ज्याला स्पष्टीकरणाची गरज नाही, तेच मला अधिक छळते. काचेच्या पलीकडे जे कोणी उभे होते, त्याला मी हिरा समजलो होतो. खरी, चालत आलेली, उशीर झालेली हिरा. आणि दार माझ्यापासून चार पावलांवर होते.