जानकीने न पाहिलेलं झाड

आज सुनेने आरतीला कापूर लावला आणि मी हळूच उठून ओटीवर आलो. तो वास मला अजून सोसत नाही.

ठाण्याच्या सरकारी बागेत तेव्हा दूरदेशीची रोपं लावली होती. उन्हाळ्यात माळी एकटा पुरा पडत नसे, म्हणून कचेरी सुटली की आम्ही काही जण हौसेने तळ्याचं पाणी वाहायचो. रोपाशी मडकं ठेवायचं, त्याच्या बुडाला भोक आणि भोकात चिंधीची वात, म्हणजे पाणी थेंबथेंब झिरपत राहतं. त्या वाती माझी बायको जानकी जुन्या लुगड्यांच्या वळून द्यायची. घरच्या बायकांनी बागेत फिरायची रीत नव्हती. म्हणून मी रोज एखादं पान आणायचो आणि ती डोळे मिटून, नुसत्या वासावरून झाड ओळखायची.

कापराचं रोप तर तिच्याच वातींवर जगलं. “त्याचं पान कधी आणणार?” असं ती सारखी विचारायची. ते कमरेएवढं झालं, तेव्हा माळ्याने एक पान तोडू दिलं.

त्या दिवसांत जानकी तापाने अंथरुणावर होती. मी पान चुरगळून तिच्या नाकाशी धरलं. खोलीभर कापूर दरवळला. तिने डोळे मिटून बराच वेळ हुंगलं.

“अहो, आज काहीच आणलं नाहीत?”

मला वाटलं, थट्टा करतेय. मी हसलो.

त्याच आठवड्यात ती गेली.

आता त्या झाडाखाली माणसं बसतात. पान चुरगळून एकमेकांच्या नाकाशी धरतात, आणि हसतात.