पेवाच्या तोंडावरचा यल्लाप्पा

हरिपूरला गेलात तर जमिनीवर जपून चाला, असं मी त्या काळी पाहुण्यांना सांगायचो. थट्टा नव्हती ती. सांगलीच्या पेठेतली कितीतरी हळद तेव्हा तिथं जमिनीच्या पोटात असायची. वरून बघाल तर नुसता माळ, चार बाभळी, चरणाऱ्या शेळ्या. आणि खाली पेवं. एकेक पेव वीस-पंचवीस फूट खोल, तोंड एवढंसं की जाडजूड माणूस अडकावा, आत मात्र खोलीएवढं ऐसपैस. कडेनं उसाचं पाचट आणि चटया लावायच्या, हळद ओतायची, वरून फळ्या आणि माती. झालं. दोन-दोन वर्षं हळदीला कीड लागत नाही. का लागत नाही? तर आत किडा जगतच नाही. आणि जिथं किडा जगत नाही तिथं आमच्या पेठेतली माणसं उतरायची, पोती भरायची आणि वर यायची. मला सत्तरी उलटली, तरी ह्या गोष्टीचं नवल अजून सरलेलं नाही.

मी तोलार. म्हणजे काट्यावरचा माणूस. नाव ज्ञानू, पण पेठेत सगळे तोलारच म्हणायचे. हमालांनी पाठीवरनं पोतं आणून टाकायचं आणि मी वजन ओरडायचं, एवढंच माझं काम. सातवी पास होतो, त्यामुळं डोक्यात जरा हवा होती. आणि तोंड फटकळ. आई म्हणायची, "ह्येच्या जिभंला हाड न्हाई." खरंच नव्हतं. त्याचं पुढं मी काय करून ठेवलं ते सांगतोच.

पेवात उतरणाऱ्या टोळीचा म्होरक्या होता यल्लाप्पा. जत भागातला, घरात कानडी बोलणारा, पन्नाशीला टेकलेला. उंची म्हणाल तर पाच फूट, तीही मुंडासं धरून. लंगोट लावून पेवातनं वर आला की नखापासून भुवयांपर्यंत पिवळा. तळपाय तर कृष्णेत तासभर घासले तरी पिवळेच. त्याची बायको अंबूबाई पेठेत हळद निवडायला बसायची. ती बायकांत हसून म्हणायची, "आपल्याला लग्नात येकदाच हळद लागती बायानो, माज्या मालकाला रोज लागती!"

हसायची खरी, पण रात्रभर त्याचा खोकला तीच ऐकायची. नदीकाठच्या गल्लीत पत्र्याची एक खोली, पूर आला की भांडीकुंडी डोक्यावर घेऊन बाहेर. त्याचं नाव कुठल्या हजेरीपटावर नव्हतं. काम केलं तर भाकरी, पडला तर पडला. पेवात कुणी गेला तर पेठेत काय म्हणायचे ठाऊक आहे? "त्येला फिट आली." एवढ्यावर विषय बंद. मला ह्याचा संताप यायचा, पण काट्यावर बसून संताप करायला काय जातंय म्हणा!

हा माणूस पेव उघडायचा ते बघण्यासारखं असायचं. आदल्या दिवशी फळ्या काढायच्या आणि दूर व्हायचं. दुसऱ्या दिवशी दोराला कंदील बांधून सोडायचा, तोही अगदी तळाला, हळदीवर टेकेपर्यंत. तिथंच ठेवायचा. मग हा गडी लांब बाभळीखाली जाऊन बिडी पेटवायचा. अख्खी बिडी संपेपर्यंत पेवाकडं बघायचाही नाही. कुणी घाई केली तर म्हणायचा, "तुमी उतरा की मग." बिडी संपली की येऊन वाकायचा. कंदील जळत असला तर सगळ्यांत आधी तो उतरणार, विझला असला तर कुणीच नाही. आणि खाली गेला की त्याची सारखी बडबड चालू. पोरांनो पोतं सोडा, जरा डावीकडं, काय रं झोपला का. पेवात उतरल्यावर तोंड बंद ठेवायचं नाही, हा त्याचा कायदा. वीस-बावीस वर्षांत त्याच्या टोळीतला एकही माणूस दगावला नव्हता. वीस-बावीस वर्षं! मी आजही हे सांगताना हात जोडतो.

साल चौऱ्याहत्तर. रेल्वेचा संप नुकताच मिटला होता. तीन आठवडे माल अडलेला, सगळे व्यापारी हातघाईवर आलेले. आमच्या अडतीला मिरजेत एक वॅगन मिळाली होती, पण संध्याकाळपर्यंत माल चढला नाही तर ती हातची जाणार होती. अडतीचे दिवाणजी लालासाहेब सकाळीच ट्रक घेऊन हरिपूरला हजर. सोबत मी आणि माझा काटा. पेव दिवाळीत अर्धं उपसून पुन्हा बंद केलेलं, ते सकाळीच उघडलं होतं.

यल्लाप्पानं कंदील सोडला. बिडी ओढली. येऊन बघितलं तर आत काळाकुट्ट अंधार.

"आज न्हाई. उद्या सकाळी," तो म्हणाला.

"उद्या वॅगन तुजा बा देनार व्हय?" दिवाणजी खेकसले.

दोनेकशे पावलांवर दुसरं एक पेव होतं, तिकडं काय स्थिती आहे ते बघायला यल्लाप्पा निघून गेला.

दिवाणजींनी मोर्चा वळवला गुंडाकडं. गुंडा म्हणजे यल्लाप्पाचा एकुलता एक मुलगा. पंचवीस वर्षांचा, मागच्याच वैशाखात लग्न झालेला, चार-पाच वर्षं बापाबरोबर पेवात उतरणारा. अंगानं असा की पोतं पाठीवर घेऊन पळायचा.

"तुजा बा म्हातारा झाला गड्या, भ्याया लागला," दिवाणजी म्हणाले. "तुज्यात तरी धमक हाय का तुजीबी गेली?"

गुंडानं तिरीमिरीत कंदील पेटवला आणि दोर सोडला. पण कसा? छातीइतक्या उंचीवर अधांतरी धरला, हळदीवर टेकवलाच नाही. थोडा वेळ धरला आणि वर ओढला. कंदील जळत होता.

"बगा तोलार, जळतोय का न्हाई?"

"जळतोय की!" मी म्हणालो. मी, सातवी पास. त्या दोन शब्दांसाठी मी पुढं आयुष्यभर स्वतःला शिव्या घातल्या.

आत काय होतं ते मला नंतर कळलं. ती वाईट हवा जड असते, खाली बसते. छातीइतकं चांगलं होतं, गुडघ्याइतकं नव्हतं. उभ्या माणसाला काही होत नाही. पण पोतं भरायला वाकावंच लागतं. गुंडा दोरावरनं सरसर उतरला, खालनं ओरडला, "लय गरम हाय गा!" आणि वाकला. पुढं आवाज नाही.

"गुंडा! ए गुंडा!"

मी सदरा काढून फेकला आणि एक पाय पेवात घातला. मागं दोन हमाल तयारच. तेवढ्यात माझ्या नडगीवर असा तडाखा बसला की मी आडवा झालो. यल्लाप्पा पळत येऊन उभा होता, हातात खोऱ्याचा दांडा.

"कोन उतरला तर टकुरं फोडीन," तो म्हणाला. मोठ्यानं नाही हो. साध्या आवाजात.

"आरं, तुजा ल्योक हाय खाली!"

"म्हाईत हाय."

तो पालथा पडला, पेवाच्या तोंडाशी कान नेला. क्षणभरच. मग उठून हमालांना हुकूम सोडला, बांधावरच्या कडुलिंबाचे डहाळे तोडा. दोराला हा मोठा भारा बांधला, त्याला ओलं पोतं गुंडाळलं आणि पेवात सोडलं. दोघांनी तो भारा खालीवर झटकायचा, तळाला टेकवून वर ओढायचा, पुन्हा सोडायचा. विहीर उपसणारी माणसं असंच वारं घालतात म्हणे. यल्लाप्पा पुन्हा तोंडाशी पालथा पडून मोजायला लागला. वंदू, यरडू, मूरू, नाक्कू... एरवी आमच्यासारखं मराठी बोलणारा माणूस, पण त्या वेळी त्याच्या तोंडातनं कानडीच आलं.

आणि मी काय करत होतो? नडगी धरून त्याला शिव्या देत होतो. "भेकड हायस तू! काळीज हाय का दगड? पोरगं मरतंय आनि तू मोजत बसलाईस?" देवा! जे जे तोंडाला येईल ते बोललो. दिवाणजी मागं सरकून ट्रकच्या आडोशाला उभे राहिले होते. त्यांना मी एक शब्द बोललो नाही, हे बघा. सगळा राग त्या पिवळ्या, पाच फुटांच्या माणसावर. त्यानं मान वळवून बघितलंसुद्धा नाही. शंभर झटके झाले. कंदील सोडला. तळाला गेला आणि विझला.

"आनि शंबर," यल्लाप्पा म्हणाला.

मी रांगत पुन्हा तोंडाकडं गेलो. त्यानं दांडा उचलला, मी थांबलो. त्याचा चेहरा मी अगदी जवळनं बघितला. घाम पिवळा होऊन हनुवटीवरनं गळत होता आणि ओठ मोजत होते. साठाच्या पुढं कुठंतरी त्याचा आवाज एकदा अडकला. एकदाच. मग पुढचा आकडा आला, त्याच्या पुढचा आला, आणि तो शंभरापर्यंत गेला. एकही आकडा गाळला नाही.

कंदील पुन्हा गेला. तळाला टेकला. वात बारीक झाली, फडफडली, आणि राहिली.

त्यानं या वेळी बिडी ओढली नाही, एवढीच काय ती घाई. कमरेला दोर बांधून, दुसरा दोर खांद्यावर टाकून तो आत गेला. आम्ही वरनं ऐकतोय, तर त्याची बडबड चालू. "हितं हाय. ढिगाला टेकून पडलाय. तोंड वर हाय बगा. धरला. बांदतोय. वडा. हळू. वडा!"

गुंडा वर आला तो निळा-काळा. मला वाटलं संपलं. पाठोपाठ यल्लाप्पा वर आला, त्यानं पोराला पालथं घातलं, पाठ चोळली, थापट्या मारल्या, पुन्हा उताणं केलं. किती वेळ कोण जाणे. मग गुंडाच्या छातीतनं फाटल्यासारखा एक श्वास आला. आमच्यातले बाप्ये बाप्ये त्या आवाजाला रडले. वॅगनसाठी आणलेल्या ट्रकातच त्याला घातला आणि सरकारी दवाखान्यात नेला. दिवाणजी ट्रकला आडवे येत होते. यल्लाप्पानं फक्त दांड्याकडं हात नेला, ते बाजूला झाले.

डॉक्टर म्हणाले, त्याच्या मागं आणखी दोघं उतरले असते तर तिघांचे मुडदे काढावे लागले असते. त्या दोघांतला पहिला मी होतो.

पेठेत मात्र निराळंच सुरू झालं. बाप वर बसून मोजत होता, दगडाच्या काळजाचा माणूस, असं ज्याच्या त्याच्या तोंडी. मीच पेरलेलं ते. मी दुकानादुकानांत जाऊन ते निस्तरायचा प्रयत्न केला, पण लोकांना खरं कशाला पाहिजे असतंय!

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. गुंडा उठून बसला होता. अंबूबाई त्याला पेज भरवत होती. यल्लाप्पा खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर उकिडवा. मी त्याचे पाय धरणार म्हणूनच गेलो होतो, पण तेवढ्यात गुंडानं पेजेची वाटी बाजूला सारली.

"आप्पा," तो म्हणाला, "मी तुमाला हाका मारल्या. ऐकू आल्या न्हाईत न्हवं?"

अंबूबाईचा हात थांबला. मी घाईघाईनं म्हणालो, "न्हाई रं गुंडा, आमी सगळीच हुतो तितं, कुनालाच काय ऐकू आलं न्हाई." आणि ते खरंच होतं. आम्ही नुसता आरडाओरडा करत होतो. कान पेवाला लावून एकटाच माणूस पडला होता.

"आल्या," यल्लाप्पा म्हणाला. "सात आल्या."

गुंडा खाटेच्या कडेला सरकला.

"हाक येत हुती तवर तू जिता हाईस ह्ये कळत हुतं. सातवी लय बारीक हुती. आठवी आली न्हाई." तो जमिनीकडं बघत होता. "तवा चाळीस झटकं ऱ्हायलं हुतं. कमी करून चालनार नव्हतं, पोरा. त्ये मारलं. मग आलो."

मी भेकड म्हणत होतो, काळीज आहे का विचारत होतो, तेव्हा ह्या माणसाच्या कानात त्याचा मुलगा आप्पा, आप्पा म्हणत होता. आणि हाक बंद पडल्यावर त्यानं चाळीस आकडे मोजले. मी पाय धरायलाही लायक नव्हतो. अंबूबाईनं पदर तोंडाला लावला आणि दुसरा हात नवऱ्याच्या डोक्यावर ठेवला, भर दवाखान्यात, सगळ्यांदेखत. गुंडा खाटेवरनं खाली उतरला आणि बापाला चिकटून जमिनीवर बसला.

यल्लाप्पा त्यानंतर पंधरा वर्षं जगला. त्याच्या खोलीवर माझं येणं-जाणं होतं. गुंडानं बाहेरनं साधं काही विचारायला, नुसतं "आप्पा" म्हणून हाक दिली, की हा माणूस जेवत असला तरी खरकट्या हातानं उठून दारात जायचा.