पाण्याचा ठिपका

पाणी काढायच्या पितळी वगराळ्याचा दांडा माझ्या गालावर बसला तेव्हा माझ्या हातात भरलेला गडवा होता. पाणी माझ्यासाठी नव्हतं. त्यांच्याच पोरीसाठी होतं.

पोरीचं नाव शालू. वय बारा. आंजीच्या पुढं आडवाटेला एक गाव, तिथं तिच्या बापाची ओलिताची शेती. माझी माय गोंदणारीण. गावोगाव फिरून बायापोरींचे हात गोंदायची. मी नऊ वर्षांची, तिच्या मागं मागं. काजळी घोटायची, हळद-तेल पुढं करायचं आणि पोरीनं हात ओढला तर तो दाबून धरायचा, ही माझी कामं.

अंगणात पोतं टाकून बसलो होतो. मायच्या चिमटीत दोऱ्यानं बांधलेल्या तीन सुया. शालूच्या हातावर तुळशीवृंदावन उतरत होतं. ठिपका, रक्त, पुसणं, पुन्हा ठिपका. शालू आधी ओरडली, मग रडली, मग पांढरीफटक पडली. माझ्या मनगटात तिनं नखं रुतवली होती. "पाणी," म्हणाली. तिची आई आत होती. ओसरीवर माठ. मी उठले आणि गडवा बुडवला.

"शिवली! गोंदणारणीची पोट्टी माठाले शिवली!" तिची आई दारात आली.

मग दांडा. मग माठ उचलून अंगणात पालथा. पाणी वाहत आमच्या पोत्याखाली आलं.

आता जरा पाहा. माझ्या मायची बोटं त्याच घटकेला त्यांच्या पोरीच्या रक्तात बुडालेली होती. ती चालत होती. सुईला विटाळ नव्हता, रक्ताला नव्हता. माठाला होता. अशी मोठी हुशार माणसं ती. आणखी ऐका. त्यांच्यातच रीत होती की सुनेच्या हातावर गोंदण नसेल तर तिच्या हातचं पाणी सासू पीत नाही. म्हणजे त्यांच्या पोरींचे हात पाणी द्यायच्या लायकीचे करायची कोण, तर माझी माय. आणि माझ्या मायला पाणी कसं, तर वरून. ओंजळीत. हातभर लांबून.

माय म्हणाली, "चुकलं मालकीण. लेकराले समजत नाई."

माझी मान धरून तिनं माझं कपाळ त्या चिखलाला टेकवलं. मग परत शालूचा हात मांडीवर घेतला, चारदोन टोचे मारले, हळद लावली. "झालं. पूरं झालं," म्हणाली आणि सुया गुंडाळल्या. मालकिणीनं सुपातली ज्वारी लांबूनच आमच्या ओच्यात ओतली. अर्धी खाली सांडली. आम्ही वेचली.

या गोष्टीचा राग मला कोणाचा यावा? मालकिणीचा यायला हवा होता. मला मायचा आला. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

माझ्या डाव्या हातावर मायनं गोंदलेलं होतं. तसंच वृंदावन. मी सात वर्षांची असताना, गिरडला, दर्ग्याच्या टेकडीखाली ती सुया घेऊन बसायची तेव्हा. दुखलं असेल, आठवत नाही. आठवतं ते एवढंच की वृंदावनाच्या पायाशी शेवटचा ठिपका देताना ती म्हणाली होती, "हा पाण्याचा ठिपका. याच्याबिगर तुळस कोल्डी." कोल्डी म्हणजे कोरडी. ही तिची बोली. हे तिचं शास्त्र.

पुढं मी शिकले. वसतिगृहात राहून, डीएडपर्यंत. मुलाखतीच्या आधी एका मैत्रिणीनं सहज विचारलं, "तुझ्या हाताचं ते काय गं? तुम्ही लोक कोण?" त्या 'तुम्ही लोक'नं मी खलास झाले. सुट्टीत घरी आले. माय बाजाराला गेली होती. तिच्याच गाठोड्यातला बिब्बा काढला, सुईला टोचून दिव्यावर धरला. काळं तेल सुटलं. ते मी वृंदावनावरून फिरवलं, लिपण करावं तसं. कातडं जळालं की आतलं हिरवं निघून जाईल, असा माझा हिशेब. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं तर काय होतं हे गोंदणारणीच्या पोरीला माहीत नसावं? माहीत होतं. तरी लावलं.

तिसऱ्या दिवशी हात कोपरापासून बोटांपर्यंत सुजला. फोड, पू, ताप. मायनं हात पाहिला. ओरडली नाही. फक्त म्हणाली, "मले सांगतलं असतं तं म्या बरोबर लावून देल्ला असता. तुले लावताच नाई आला."

बस. एवढंच.

मग एकवीस दिवस ती सुकं खोबरं चावून चावून त्याचा लगदा माझ्या हातावर थापत राहिली. खपली धरायची, निघायची, पुन्हा धरायची. खाज अशी की वाटायचं हात भिंतीवर घासून काढावा. माय माझी उजवी मूठ धरून बसायची. कधीकाळी मी दुसऱ्यांच्या पोरींचे हात धरायचे तशी. आणि जसजसं भरून येत गेलं तसतसं ते वृंदावन खालून परत वर आलं. वाकडं. एक बाजू ओढलेली, मधे गुलाबी चट्टा, पायाशी पांढरा डाग. पाण्याचा ठिपका तेवढा गेला. बाकी सगळं माझ्या नाकावर टिच्चून राहिलं.

तेव्हापासून पूर्ण बाह्या. सेलूच्या शाळेत लागले, सत्तावीस वर्षं झाली, सत्तावीस वर्षं मनगटापर्यंत बाह्या. आपल्याकडचा मे म्हणजे कूलरसुद्धा गरम हवा फेकतो. शिक्षक-खोलीत विचारायच्या, "काऊन वो मॅडम, स्वेटर बी घाला नं आता!" हसायच्या. मी म्हणायचे, ॲलर्जी आहे. ऊन सहन होत नाही. नवरा आमच्यातलाच, त्याला सगळं ठाऊक. आम्ही दोघांनी मिळून गप्प बसायचं ठरवलं होतं. अगदी सुखानं.

सेलूला पहिली खोली घेतली तेव्हा माय भेटायला आली. दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवे. घरमालकीण दारात येऊन उभी. "कोण होय वो ह्या?"

"गावाकडची बाई आहे," मी म्हटलं. "लहानपणी मला सांभाळायची."

माय चहा पीत होती. तिनं उरलेला चहा संपवला. कप स्वतः धुतला. पालथा घातला. "येतो मंग मी, मॅडम," म्हणाली. मॅडम! त्यानंतर ती माझ्या उंबऱ्यात आली नाही. भेटायची ती बसस्टँडवर. तिथल्या तिथं परत.

वगराळं मारणाऱ्या बाईत आणि माझ्यात फरक काय तो मला सांगा. तिनं एकदा मारलं. मी पुरवून पुरवून मारलं.

माय गेली त्याला चार वर्षं झाली. जायच्या आधी एका दुपारी तिच्याजवळ बसले होते. हात वाळून काटक्या झालेले, गोंदण आक्रसून जवळ जवळ आलेलं. अचानक म्हणाली, "त्या शालूच्या हातावर पाण्याचा ठिपका नाई."

"कोणत्या शालूच्या?"

"माठवालीच्या. म्या घातलाच नाई. पूरं झालं मनलं अन् उठलो."

"काऊन वो माय?"

"तुह्या गालाचा," ती म्हणाली आणि कूस बदलली.

चाळीस वर्षं मी समजत होते की माय त्या दिवशी वाकली. चिखलात फक्त माझं कपाळ टेकलं होतं. तिनं त्यांच्या पोरीची तुळस जन्मभरासाठी कोरडी ठेवून दिली होती, त्यांच्याच अंगणात, त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांचीच ज्वारी घेऊन. आणि त्यांना पत्ता नाही. सारं शहाणपण माठापुरतं.

आता मुद्द्याचं.

आमच्या संस्थेच्या अध्यक्षांची बायको म्हणजे शालिनीताई. म्हणजे शालू. मला अकरा वर्षं माहीत आहे, तिच्या माहेरचं गाव ऐकलं तेव्हापासून. तिला माहीत नाही. ती पाहुणी म्हणून येते, मी वाकून नमस्कार करते. हेही लिहून ठेवते, सुटायला नको.

यंदा शाळेत परंपरेचा दिवस केला. जातं, उखळ, सूप मांडून ठेवलेलं. पोरी नऊवारीत. शालिनीताईनं माईक घेतला, पदर मागं टाकला आणि हात उंच केला.

"आजकालची मुलं पैसे घालून टॅटू काढतात. हा बघा खरा टॅटू! माझ्या आजीनं स्वतः गोंदलेला. आमच्या घराण्याची कला आहे ही."

टाळ्या. पहिल्या रांगेतल्या एका पोरीनं विचारलं, "ताई, दुखलं का?"

"छे गं! आमच्या पिढीला दुखण्याचं काही वाटत नसे. मी हूं का चूं केलं नाही."

माझ्या मनगटावर तिच्या नखांची खूण आहे अजून. बिब्ब्यानंही गेली नाही ती.

मुख्याध्यापकांनी खूण केली, ताईंना पाणी. मी ट्रे घेऊन गेले. तिनं पेला उचलला, घटाघटा प्यायली, "थँक्यू बाई" म्हणाली. प्यायली! माझ्या हातचं. रीत बदलली होती म्हणून नाही. मधे माझी बाही होती म्हणून.

तिथं माझं काहीतरी तुटलं. की जुळलं, कोण जाणे. ट्रे जात्यावर ठेवला. बाहीचं बटण सोडलं. बाही वर सारली. सत्तावीस वर्षं त्या शाळेत मी शुद्ध भाषा बोलत आले. तोंडातून मायची निघाली.

"ताई, तुमच्या तुळशीले पाण्याचा ठिपका नाई."

"काय?"

"वृंदावनाच्या पायाशी एक ठिपका रायते. तुमच्या हातावर नाई. पाहून घ्या." तिनं पाहिलं. पोरींनी माना उंचावल्या. "तुमची आजी गोंदे नाई. माही माय गोंदे. गिरजा. अन् तुमचा हात मी दाबून धरला होता. पाणी मांगून राह्यल्या होत्या तुम्ही. थे म्या आनलं, मनून तुमच्या आईनं मले वगराळ्यानं मारलं."

मुख्याध्यापक माईककडं धावले. "मॅडम, मॅडम... चला, सगळ्यांनी चहा घ्या! अल्पोपाहार आहे!" या माणसाला भूकंप झाला तरी अल्पोपाहार आठवेल. पोरी पोह्यांकडं गेल्या. चारपाच थांबल्या. माझा हात पाहत होत्या, तो चट्टा, ती वाकडी तुळस. एकीनं बोट लावलं. मी लावू दिलं.

ऑफिसात शालूनं मला बोलावलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती हसत होती. "अय्या, तू ती होय! किती लहान होतीस. आईचं जाऊ दे गं, जुनी माणसं. तेव्हा सगळेच तसे." माफी अशी स्वतःच मागून स्वतःच देऊन टाकली. मग हात पुढं केला. "पण हे अर्धवट बरं नाही दिसत. तुला येतं ना? मग तूच भरून दे. रविवारी घरी ये. अंगणात नाही हं, आत बसू. एसीत."

आत! केवढं मन! त्रेचाळीस वर्षांनी मला ओसरी ओलांडायची परवानगी मिळत होती, ती पुन्हा त्यांच्याच हाताचं काम करायला.

"नाई," मी म्हटलं.

"काऊन वो?" तिचीही बोली सुटली. बहुधा पहिल्यांदा खरं बोलली.

"थो सुटला नाई. सोडला हाय. मायनं सोडलेला म्या भरत नसतो."

तिचं हसू गेलं. आता ती तिच्या आईसारखी दिसत होती. ओळखीचा चेहरा. बरं वाटलं पाहून.

रविवारी मी काम केलं, पण माझ्या घरी. भर दुपारी, दार उघडं टाकून, खिडकीच्या उजेडात. मायच्या तीन सुया उकळून घेतल्या, काजळी घोटली. जळालेल्या कातड्यावर सुई नीट जात नाही. कातडं राठ, घसरतं, आणि एकदम आत गेलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. हात धरायला कुणी नव्हतं. दहाबारा टोचे लागले. ठिपका गोल आला नाही. थोडा लांबट, डागाच्या कडेला सरकलेला. मायनं पाहिला असता तर म्हणाली असती, तुले लावताच नाई आला. असू दे. तसाच राहील.

सोमवारी अर्ध्या बाहीचा ब्लाउज घालून शाळेत गेले. ठिपक्यावर ओली हळद. शिक्षक-खोलीत कुणीच ॲलर्जीचं विचारलं नाही. माझा पेला मात्र माठाजवळून उचलून खिडकीत वेगळा ठेवलेला दिसला. कोणी ठेवला, विचारलं नाही. मी तो तिथंच राहू दिला आणि माठातलं पाणी वगराळ्यानं काढून सगळ्यांसमोर थेट ओंजळीनं प्याले. वगराळं परत माठावर ठेवलं.

दुपारी संस्थेचं पत्र आलं. सन्माननीय पाहुण्यांचा जाहीर अवमान. आठ दिवसांत लेखी खुलासा. नोकरीची सहा वर्षं उरली आहेत, याची आठवण मुख्याध्यापकांनी हळू आवाजात करून दिली. "दोन ओळी माफीच्या लिहा मॅडम, मिटवून टाकू."

दोनच ओळी लिहिल्या.

मी गिरजा गोंदणारणीची लेक. शाळेत यापुढं माझ्या हातचं पाणी ज्याला घ्यायचं असेल, त्यानं हे ठाऊक असून घ्यावं. नाहीतर तहानलेलं राहावं.