वाऱ्याखालची वस्ती

भानुदास रामटेके बोलायला लागले की नवीन माणसाला वाटायचं, हे काहीतरी लपवताहेत. तसं काही नव्हतं. प्रत्येक वाक्य ते आधी मनात तपासून घ्यायचे, एवढंच. आयुष्यभर यंत्रं दुरुस्त केलेल्या माणसाची सवय. मूळचे नागपूरचे, पन्नाशी उलटलेले, अमेरिकेत बारा वर्षं झाली तरी ग्रीन कार्डच्या रांगेतच. ह्यूस्टनच्या शुगर लँड या उपनगरात, आमच्या मागच्या गल्लीत राहायचे आणि रविवारच्या बुद्धवंदनेला सगळ्यांच्या आधी येऊन सतरंज्या घालायचे. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो.

त्यांची नोकरी ह्यूस्टनच्या पार पूर्वेला, जहाजं येतात त्या कालव्याच्या काठी. तिथे रसायनं साठवायच्या प्रचंड टाक्या आहेत. टाक्यांच्या कुंपणाला हवेतलं विष मोजणारी यंत्रं बसवलेली, ती नीट चालू ठेवणं हे भाऊंचं काम. जायला तास, यायला दीड तास. कुंपणाच्या पलीकडे अरुंद रस्ता, आणि रस्त्यापलीकडे लाकडी घरांची वस्ती. त्यातल्या पहिल्याच घरात मिस अर्नेस्टीन राहायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, काळ्या, तीस वर्षं स्कूल बस चालवून रिटायर झालेल्या. रोज सकाळी पोर्चवरून त्या भाऊंना हात करायच्या. ओळख तेवढीच.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये वादळाची सूचना आली. कंपनीत धावपळ सुरू झाली. वादळाआधी प्लांट घाईघाईने बंद करतात, तेव्हा पाइपांमधला गॅस उंच चिमणीच्या तोंडाशी जाळून टाकतात. म्हणजे सगळ्यात जास्त घाण हवेत सोडायचे तेच दिवस. आणि त्याच दिवशी मॅनेजरचा मेसेज आला, कुंपणावरची यंत्रं बंद करा.

"वादळात सेन्सर खराब होतात. प्रोसिजर आहे," मॅनेजरने पुढे लिहिलं होतं.

भाऊंनी आधीच्या तीन वादळांत हेच केलं होतं. ते शेवटचं यंत्र बंद करत होते तेवढ्यात मिस अर्नेस्टीन रस्ता ओलांडून जाळीपाशी आल्या.

"हे बंद केलं की तू कुठे जातोस?"

"घरी, मॅम. शुगर लँडला."

"आणि तो वरचा जाळ?"

"तो चालू राहतो."

म्हातारीने मान हलवली. "म्हणजे आता मोजायचं आम्हीच. नाकाने."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच भाऊंना सोसलं नाही.

वादळ ऐन वेळी पूर्वेकडे वळलं. चौथ्या दिवशी भाऊ कामावर गेले तेव्हा कुंपणालगतचं गवत पिवळं पडलेलं होतं. झाडावर एक पाखरू नव्हतं. हवेत एक गोडसर वास होता, बेकरीच्या मागच्या दाराशी येतो तसा. वस्तीतली चार माणसं चक्कर येऊन हॉस्पिटलमध्ये पोचली होती. मॅनेजरने रिपोर्ट लिहिला, 'या तीन दिवसांत मर्यादेपेक्षा जास्त प्रदूषणाची कोणतीही नोंद नाही.' वाक्य खरंच होतं. नोंदच नव्हती. खाली सही भाऊंची होती.

त्या रविवारी वंदना झाल्यावर त्यांनी हे सगळं आम्हाला सांगितलं. मग म्हणाले, "आमची वस्ती गावाच्या पूर्वेला होती. लहानपणी मी बाबांना विचारलं, पूर्वेलाच काऊन? ते म्हणाले, वारा पश्चिमेकडून येतो. गावावरून आलेला वारा आपल्या अंगाला लागला तर चालतो. आपल्यावरून गेलेला गावाला लागला तर गाव बाटतं. मी इंजिनिअर झालो, इतक्या दूर आलो, आणि आता कुंपणाच्या आतल्या बाजूला उभा राहून तेच करतोय."

"पण भाऊ, इथे कुठे तसलं काही आहे?" सत्यजित म्हणाला. तो आमच्यातला नवीन, सॉफ्टवेअरवाला.

"रस्त्यापलीकडे एक तरी आमच्या गोऱ्या मॅनेजरच्या रंगाचा माणूस दाखव मला. समुद्र तापतोय, वादळं आणखी जोरात येणार. दर वादळाला यंत्रं बंद. ज्यांनी जन्मात विमानात पाय ठेवला नाही, त्यांच्या छातीत हा धूर आधी जाणार. आपण इथे एसी लावून बसू."

मग त्यांनी विचारलं, शनिवारी माझ्याबरोबर त्या वस्तीत कोण येईल? मी मोबाइलमध्ये बघत राहिलो. माझा व्हिसा कंपनीच्या हातात होता. बहुतेकांचा होता.

पहिल्या शनिवारी ते आणि त्यांच्या पत्नी प्रीता वहिनी, दोघंच गेले. वस्तीतल्या चर्चच्या हॉलमध्ये सात माणसं जमली. भाऊंनी सुरुवातीलाच सांगितलं, "कंपनीतला एकही कागद मी आणणार नाही. यंत्र कसं बांधायचं आणि कसं वाचायचं, तेवढं शिकवीन." बाजारात मिळणारे साधे सेन्सर आणून त्यांनी डब्यात बसवून दिले. पाचव्या शनिवारी मी गेलो. शौर्य वगैरे नाही. वहिनी माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "ह्यांना काही झालं तर साक्षीला आपलं एक तरी माणूस असावं." ते वाक्य मला झोंबलं. वर्षभरात अकरा घरांच्या पोर्चवर अकरा डबे लागले. आमच्यातले सहा जण नियमित जायला लागले, सत्यजितसुद्धा.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात वादळ आलं, आणि या वेळी ते वळलं नाही. मॅनेजरने पुन्हा तोच आदेश दिला.

"मी सही करणार नाही," भाऊ म्हणाले. "बंद करायचं असेल तर तुम्ही करा."

मॅनेजरने स्वतः जाऊन बटण दाबलं.

भाऊ घरी गेले नाहीत. ज्यांच्याकडे गाडी होती ते आदल्या दिवशीच वस्ती सोडून गेले होते. उरलेली वीसेक माणसं चर्चच्या हॉलमध्ये होती. त्यांच्यात आम्ही तिघं, भाऊ, सत्यजित आणि मी. दुपारचे दोन, पण आभाळ हळदीच्या पाण्यासारखं. वाऱ्याने चिमणीवरचा जाळ आडवा केला होता आणि त्याचं टोक आमच्याकडे होतं. दारांच्या फटींत ओले टॉवेल कोंबले. भाऊंच्या मांडीवर लॅपटॉप, त्यावर अकरा डब्यांच्या अकरा रेषा. आधी चार नंबरच्या घराची रेषा वर गेली, मग सातची, मग सगळ्या एकदम.

"किती?" मिस अर्नेस्टीननी विचारलं. भाऊ आकडा सांगायचे आणि त्या पेन्सिलीने वहीत लिहायच्या, वेळेसकट. कोपऱ्यात कोणीतरी खोकत होतं, थांबत नव्हतं. फोनवर सरकारी इशारा येतो म्हणतात. आम्ही सगळे आपापले फोन हातात धरून बसलो होतो. एकाचाही वाजला नाही. चारच्या सुमाराला वीज गेली. डबे बॅटरीवर चालत राहिले.

"दारं उघडून पळायचं का?" मी भाऊंना मराठीत विचारलं.

"कुठे?" ते म्हणाले.

डिसेंबरमध्ये राज्याच्या पर्यावरण खात्यापुढे सुनावणी झाली. कंपनीला दोन नव्या टाक्या हव्या होत्या. हॉलमध्ये वस्तीतली साठ माणसं आणि आमच्यातली चौदा. मिस अर्नेस्टीननी वही उघडून तास आणि आकडे वाचले, एकही विशेषण न वापरता. अधिकाऱ्याने कंपनीला त्याच दिवसाचा तक्ता मागितला. तक्ता कोरा होता. नव्या टाक्यांची परवानगी थांबली, आणि जाळ चालू असेपर्यंत यंत्रं बंद करायची नाहीत असा हुकूम निघाला. लोक रडले, एकमेकांच्या गळ्यात पडले. भाऊ मागच्या खुर्चीत बसून होते. वहिनींनी त्यांचा हात धरला होता.

पंधरा दिवसांनी त्यांची नोकरी गेली. 'पुनर्रचना' असं कारण दिलं. व्हिसावरच्या माणसाला दुसरी नोकरी शोधायला साठ दिवस मिळतात. एक्कावन्नाव्या दिवशी पाणी तपासणाऱ्या एका छोट्या लॅबमध्ये त्यांना काम मिळालं. मधल्या काळात त्यांचे केस भराभर पांढरे झाले. मिस अर्नेस्टीनचा खोकला त्या दुपारपासून गेलेला नाही. मुलगी डॅलसला बोलावते, त्या जात नाहीत.

या मे महिन्यात एका मंगळवारी दुपारी मी भाऊंकडे चहाला गेलो होतो. बाहेर लख्ख ऊन, पान हलत नव्हतं. कुठे वादळ नाही, कसली सूचना नाही. टेबलावर लॅपटॉप उघडा होता. बोलता बोलता भाऊ थांबले. सात नंबरच्या घराची रेषा वर चढत होती.

"सेन्सर बिघडला असेल," मी म्हणालो.

तेवढ्यात चार नंबरची चढली. मग एक नंबरची.

भाऊंनी फोन उचलला. "मिस अर्नेस्टीन, खिडक्या लावा. हो, आत्ता. नाही मॅम, कुठून येतंय ते मला अजून माहीत नाही." मग त्यांनी अकरा घरांच्या फोन नंबरांची यादी माझ्याकडे सरकवली. "खालच्या सहा घरांना तू लाव."

पहिला फोन वाजत राहिला. कोणी उचलला नाही. मी दुसरा लावला.