आईला वाचून दाखवलेली वही

मानसशास्त्र शिकायला नागपूरला गेले आणि पहिल्याच वर्षी मला शिंगं फुटली. दुसऱ्यांची मनं ऐकायची तर आधी स्वतःचं उकरून बघा, असं आमच्या बाई म्हणत. त्यांनी वही लिहायला लावली: लहानपणी काय दुखलं, कुणामुळे दुखलं. वही फक्त आमच्या गटात वाचायची, घरी न्यायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. मी नेली. खरी हिंमत घरीच दाखवायची असते, असं मला वाटलं.

आंधळगावजवळच्या आमच्या घरी आई अंगणात झिंगे निवडत बसली होती. मी तिच्यासमोर खुर्ची टाकली आणि वहीतले चौदाही मुद्दे वाचले. तू मला पाहुण्यांसमोर काळी म्हणायचीस. माझ्या निकालापेक्षा तुला धानाची काळजी. सातवा मुद्दा अजून पाठ आहे: तू तुझी दुखणी सतत माझ्या अंगावर टाकतेस. आवाज शांत ठेवला होता, शिकवलं होतं तसा. तिचे हात थांबले नाहीत.

"झालं वाचून?" ती म्हणाली. "भात वाढू का?"

गटात हे सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या. बाईंनी वाजवल्या नाहीत, त्याचा मला रागच आला.

पुढे आई फोनवर पाऊसपाणी सांगायची, माझी खुशाली विचारायची, ठेवून द्यायची. आई किती सुधारली, असं मी मैत्रिणींना सांगत फिरले.

शिक्षण संपवून मी आमच्याच जिल्ह्यातल्या शहापुरात दोन खोल्या घेऊन समुपदेशनाचं काम सुरू केलं. मग एक दिवस मावशीचा फोन आला. आईच्या छातीत गाठ होती, वर्षभर तिनं लपवलेली. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केला. मी दवाखान्यातच तिच्यावर ओरडले, "मले काहून नाही सांगितलं?"

"तुह्या वहीत लिवलं होतं ना बाई," ती म्हणाली. "माह्या दुखण्याचा तुले तरास होते म्हणून."

टोमणा असता तर मी भांडले असते. टोमणा नव्हता. दिवाळीआधी ती गेली.

परवा जवाहरनगरची एक मुलगी आली, माझ्या सांगण्यावरून लिहिलेली वही घेऊन. आज आईला वाचून दाखवते, म्हणाली. मी वही मागून घेतली आणि खणात ठेवून कुलूप लावलं. ती चिडली.

"तुम्ही कधी वाचून दाखवली का, मॅडम?"

"दाखवली."

"मंग आई काय म्हणाली?"

"भात वाढू का, म्हणाली."

मुलगी हसली. "मंग तं बरंच झालं ना, मॅडम."