येम, कात्री, फावडं

ताईच्या सासऱ्यांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन नव्वदच्या दशकात, उसाचा हंगाम ऐन भरात असताना, बारामतीत झाले. खरे तर ते आदल्या हिवाळ्यातच व्हायचे होते. उशीर झाला तर नजर कायमची जाईल, असे डॉक्टरांनी बजावलेही होते. तरी वर्ष गेले. ते का गेले, हे सांगायचे तर आधी त्यांचा खेळ सांगितला पाहिजे.

ट्रकच्या मागची शायरी सगळेच वाचतात. नंबरप्लेट मन लावून वाचणारा माणूस मी एकच पाहिला. सगळे त्यांना तात्या म्हणत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन ते अंथुर्ण्याला, बारामती-इंदापूर रस्त्याला लागून असलेल्या घरात राहत. घरासमोर गतिरोधक होता. उसाचे जुने ट्रक तिथे दमून हळू होत आणि ओट्यावरच्या लोखंडी खुर्चीत बसलेले तात्या पाटीवरची तीन अक्षरे टिपत. ती तिन्ही त्याच क्रमाने ज्यात येतात असा इंग्रजी शब्द ट्रक कालव्याच्या पुलाआड जाण्याआधी सापडला पाहिजे, हा नियम. महाराष्ट्रातल्या गाड्यांचे पहिले अक्षर नेहमी एम. त्याचा त्यांना कंटाळा येई. गुजरातचा ट्रक दिसला की जावई आल्यासारखे ते सावरून बसत. नव्या पाट्यांवर तर एम आणि एच दोन्ही ठरलेलीच. “निम्मा पेपर सरकारनंच फोडला,” असे ते म्हणत. शेताला कालव्याच्या पाण्याची पाळी कधी येणार हे विचारायला कोणी आला, तरी ट्रक जाईपर्यंत त्याला थांबावे लागे. एकाला त्यांनी पाळीच्या तारखेऐवजी ‘मार्केट’ असे उत्तर दिले आणि तो बिचारा इंदापूरच्या बाजारात जाऊन आला.

मोतीबिंदू वाढला तशी अक्षरे पुसट झाली. मग काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, दाराशी पाट टाकून बसू लागल्या. काकू शाळेत गेल्या नव्हत्या. तात्यांनी त्यांना एकेक अक्षर घरातल्या वस्तूंवरून शिकवले आणि त्यांनी त्या वस्तूंचीच नावे कायम केली. एक्स म्हणजे कात्री, एच म्हणजे शिडी, टी म्हणजे खुंटी, पी म्हणजे झेंडा, झेड म्हणजे नागमोडी. एल म्हणजे फावडे.

“येम, कात्री, फावडं!” काकू ओरडत.

“मॅक्झिला. वरच्या जबड्याचं हाड.”

“येम, नागमोडी, झेंडा!”

“मार्झिपान. बदामाची मिठाई असती.”

“खाल्ली हाय व्हय कधी?”

“न्हाय. डिक्शनरीत हाय.”

“मग डिक्शनरीलाच मागा च्या. मी न्हाय उठत.”

ताई सांगे, लग्न होऊन ती या घरी आल्यापासून काकूंना तिने दिवसाउजेडी बाहेर बसलेले पाहिले नव्हते. चूल, गोठा आणि पुन्हा चूल. आता भाजी निवडणे, तांदूळ पाखडणे, सगळे दाराशीच चाले. मधे ट्रक नसला तर दोघे नुसते बोलत.

ऑपरेशनचा विषय निघाला की तात्यांना कारणे सुचत. आधी थंडी फार होती, मग ऊन फार झाले, मग पाण्याची पाळी आली. पुढचा हंगाम भरात आला तेव्हा एक डोळा जवळपास बंद होता. तेव्हाच्या एका रविवारी मी तिथे होतो. ताईने थेट विचारले, “तात्या, भीती वाटते का?”

“भीती कशाची? मला दिसाया लागलं की ही आत जाती.”

काकूंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. मग त्या म्हणाल्या, “आन् पार आंधळं झाल्यावर काय करू? हात धरून परसाकडं नेऊ? उद्याच्या उद्या चला.”

“आत जायची न्हाईस ना?”

“अवं, पोरं ऐकत्यात. चला म्हणते ना.”

दुसऱ्याच दिवशी दोघे बारामतीला गेले. पट्टी निघाल्यावर डॉक्टरांनी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता दाखवला. तात्यांनी एका ओळीची अक्षरे न वाचता तिच्यातून एक शब्द काढून दाखवला. डॉक्टर म्हणाले, “आजोबा, फक्त वाचा.” तेव्हा त्यांनी सगळ्यात खालची, सगळ्यात बारीक ओळ न अडखळता वाचली. नजर उत्तम असल्याचे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले.

हंगाम संपत आला असताना मी पुन्हा अंथुर्ण्याला गेलो. काळा चष्मा निघाला होता. तात्या सकाळी वर्तमानपत्र स्वतः वाचतात, असे ताईने सांगितले. संध्याकाळी रस्त्यावर एक ट्रक हळू झाला.

“काय गं, काय आलं?”

“येम, शिडी, खुंटी!”

“माहूत. इंग्रजांनी आपलाच नेला.”

लोखंडी खुर्ची ओट्यावर नेहमीच्याच जागी होती. तिची पाठ रस्त्याकडे होती. तात्यांच्या समोर, दाराशी पाटावर, काकू मेथी निवडत बसल्या होत्या.